आदिलाबादहून नांदेड किती लांब?

आदिलाबाद गावाच्या कडेला साडेतीनशे एकरांहून मोठे एक मोकळे मैदान आहे. निजामाच्या राजवटीत ते विमानांसाठी आखले गेले, पुढे भारतीय हवाई दलाकडे आले. तेलुगू बोलणारे त्याला 'विमानाश्रयम्' म्हणतात, आपण विमानतळ म्हणतो. नाव दोन्ही भाषांत भारदस्त. पण आमच्या हयातीत तेथून प्रवासी विमानसेवा चाललेली काही आम्ही पाहिली नाही. एप्रिल २०२५ मध्ये हवाई दलाने या जागेवर नागरी विमानसेवेला संमती दिली आणि गावात एकच प्रश्न सुरू झाला, 'हैदराबादला किती मिनिटांत पोचणार?' चहाच्या टपरीवर पस्तीस मिनिटांपासून दीड तासापर्यंत सर्व उत्तरे मिळतात.

आम्हांला दुसरा प्रश्न पडतो. विमान येणार ते येवो. पण ते जाणार कोठे? आदिलाबादहून नांदेडला जाणार काय, नागपूरला जाणार काय? आमच्या घरांतील सोयरिकी किनवट, हिमायतनगर, पांढरकवडा, यवतमाळ या बाजूंना आहेत आणि मुले पुण्यात आहेत. दोन लहान गावांच्या मधले अंतर विमानाने कधी कमी केले आहे काय, याचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम अंतराविषयी. आपल्याकडे पूर्वी अंतर कोसांत मोजत. तेलुगू शेजारी 'आमड' म्हणत. एक आमड म्हणजे साधारण चार कोस. कोसही सर्वत्र सारखा नव्हता. सपाट रानातला कोस आखूड आणि निर्मळच्या घाटातला लांब, असे जुने गाडीवान सांगत. त्यात विनोद असला तरी तथ्यही आहे, कारण माणूस अंतर पायांनी आणि वेळेने मोजतो. डोंगर, नदी, रान या सर्वांना वगळून दोन ठिकाणांमधले सरळ अंतर मोजणे ही वेगळीच विद्या आहे आणि तिचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे.

विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणांची साखळी जोडत तो उत्तरेकडे निघाला. अर्धा टन वजनाचा कोनमापक, तो वाहणारी माणसे, डोंगरमाथ्यावरची निशाणे आणि रात्रीचे दिवे असा तो लवाजमा होता. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास ही साखळी कन्याकुमारीकडून हिमालयाकडे न्यायची होती. नकाशा उघडून पाहा: ७८ वा रेखांश माहूर आणि किनवट यांच्या मधून जातो. नांदेड त्याच्या पश्चिमेला, आदिलाबाद पूर्वेला. वीस वर्षे हे काम करून लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. त्याची समाधी तेथेच आहे. आदिलाबादहून नागपूरला जाणारा प्रत्येक माणूस हिंगणघाटवरून जातो, पण ज्याने आपल्या गावांची अंतरे आकाशातल्या पक्ष्याप्रमाणे सरळ मोजायचा पाया घातला तो येथे झोपला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने वऱ्हाडातून उत्तरेला नेले, आणि नाव मात्र एव्हरेस्टचे झाले. असो.

या विद्येचा एक सोपा हिशेब आम्ही नववीच्या वर्गात दरवर्षी करून घेतो. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एका भागाला कला म्हणतात. एक कला म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. जहाजे आणि विमाने अजूनही याच मैलाने चालतात. आदिलाबादचे मैदान सुमारे १९ अंश ४० कलांवर आहे आणि हैदराबादचे शमशाबाद विमानतळ १७ अंश १४ कलांवर. दोन्ही जवळजवळ एकाच रेखांशावर, साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. तेव्हा नुसती वजाबाकी करायची. २ अंश २६ कला, म्हणजे १४६ कला, म्हणजे १४६ सागरी मैल, म्हणजे सुमारे २७० किलोमीटर. मुलांना यात फार मजा वाटते, कारण फूटपट्टी न लावता अंतर निघते. रस्त्याने हेच अंतर तीनशेच्या थोडे वर भरते. रेल्वेने तर चारशेच्याही पुढे जाते, कारण आमची गाडी हैदराबादला जायचे म्हणून आधी पश्चिमेला मुदखेड गाठते आणि मग निजामाबादवरून खाली उतरते. म्हणजे एकाच प्रवासाची तीन अंतरे.

याच रीतीने, रेखांशाचा फरकही धरून, आम्ही इतर अंतरे काढली आहेत. दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतील. आदिलाबाद ते नांदेड सरळ रेषेत सुमारे १३८ किलोमीटर. आदिलाबाद ते नागपूर १६७. आदिलाबाद ते पुणे ५०० आणि मुंबई ६००. हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता विमानांकडे वळू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबई गाठली आणि तेथून त्यांच्या सहकाऱ्याने, नेव्हिल व्हिन्सेंटने, ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. एका इंजिनाचे ते पिटुकले विमान ताशी १६० किलोमीटरच्या आसपास उडे. पुढे काही वर्षांत या मार्गावर बल्लारीऐवजी हैदराबाद आले आणि निजामाचे राज्य आकाशाच्या नकाशावर चढले. बेगमपेठला विमानतळ झाला. १९४५ मध्ये निजामाची रेल्वे आणि टाटा यांनी मिळून 'डेक्कन एअरवेज' काढली. एखाद्या रेल्वेने विमानकंपनी काढावी हे आज चमत्कारिक वाटेल. पण निजामाच्या रेल्वेखात्याकडे मोटारगाड्याही होत्या, त्यामुळे लोखंडी रूळ, डांबरी सडक आणि आकाश ही एकाच खात्याची तीन अंगे होती. आमच्या मते ती दृष्टी पुढच्या काळापेक्षा शहाणपणाची होती. आज रेल्वे, एस.टी. आणि विमान यांची वेळापत्रके एकमेकांना ओळखही देत नाहीत.

डेक्कन एअरवेजची डाकोटा विमाने मद्रासहून हैदराबाद, नागपूर असे करत दिल्लीकडे जात. हैदराबाद आणि नागपूर यांच्या मधे सरळ रेषा ओढली तर ती कोठून जाते? बरोबर उटनूरवरून. ज्या काळात उटनूरच्या डोंगरांत गोंड वस्त्यांना बैलगाडीची वाटही धड नव्हती, ज्या काळात मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे काम नुकते सुरू झाले होते, त्याच काळात डोक्यावरून दोन इंजिनांची विमाने जात होती. विमान दिसणे आणि विमान मिळणे यांतला फरक आपल्या जिल्ह्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

निजामाच्या मुलखात त्या वेळी बीदर, वरंगळजवळचे मामनूर, आदिलाबाद अशी मैदाने होती. ती प्रजेच्या प्रवासासाठी होती असे मानण्याचे कारण नाही. १९४८ मध्ये त्यांतल्या काहींचा उपयोग कशासाठी झाला हे प्रसिद्ध आहे. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रे आणून बीदर आणि वरंगळला उतरवीत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली आणि तो अध्याय संपला. लहान गावांच्या धावपट्ट्या या मुळात राज्यकर्त्यांच्या सोयीच्या किंवा लष्कराच्या गरजेच्या. त्यांचे रूपांतर लोकांच्या सोयीत करणे हे काम तेव्हा राहिले ते आजवर राहिलेच आहे.

मात्र त्यानंतर लगेच एक अशी गोष्ट घडली, की जिच्यात आपला भाग खऱ्या अर्थाने आकाशाच्या मध्यभागी आला. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र जमत. तेथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई. दिल्लीच्या विमानातल्या मद्रासच्या पिशव्या मद्रासच्या विमानात, कलकत्त्याच्या विमानातल्या मुंबईच्या पिशव्या मुंबईच्या विमानात. उतारूही असत, तेही तेथे उतरून विमान बदलत. पहाटेपूर्वी चारही विमाने आपापल्या गावी परत निघत आणि आदल्या दिवशी संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचे. मद्रास ते नागपूर सरळ रेषा आसिफाबादवरून जाते, म्हणजे तेही विमान आपल्याच जिल्ह्याच्या डोक्यावरून घोंघावत जात असले पाहिजे.

या व्यवस्थेत एक मोठी युक्ती आहे. चार शहरांना प्रत्येकी तीन शहरांशी थेट जोडायचे तर सहा मार्ग हवेत, आणि जाण्यायेण्याला प्रत्येक मार्गावर निराळी विमाने. मध्ये एक नागपूर घेतले की चार विमानांत सारे भागते. गावे जितकी जास्त तितका हा फायदा वाढत जातो. दहा गावे असतील तर थेट मार्ग पंचेचाळीस होतात. मध्ये एक ठाणे धरले तर दहाच. पुढे जगभर विमानकंपन्यांनी हीच रीत उचलली. अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस ही पार्सलांची कंपनी १९७३ पासून मेम्फिस गावी रात्री हेच करू लागली आणि तिचे फार कौतुक झाले. नागपूरला ते चोवीस वर्षे आधी झाले होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हरकत नाही.

पण या युक्तीतच लहान गावांची अडचण दडलेली आहे. मधले ठाणे कोणते धरायचे हे एकदा ठरले, की लहान गावाचे विमान त्या ठाण्याकडेच जाणार. शेजारच्या लहान गावाकडे जाणार नाही. नागपूर मध्ये होते ते भूगोलामुळे. पुढे ठाणी ठरली ती भूगोलाने नव्हे, राजधान्यांनी. १ ऑगस्ट १९५३ रोजी डेक्कन एअरवेजसह देशांतर्गत विमानकंपन्या सरकारजमा होऊन इंडियन एअरलाइन्स झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, नांदेड जिल्ह्यातला मुधोळ आदिलाबादला जोडला गेला. पैनगंगेच्या अलीकडे राहिलेले आपण हैदराबादकडे तोंड करून बसलो आणि पलीकडचे भाऊबंद मुंबईकडे. बाजार, विवाह, देवदर्शन यांनी ही रेषा फारशी मानली नाही. माहूरला रेणुकेला जाणारा आदिलाबादचा माणूस परराज्यात जातो असे त्याला कधी वाटत नाही, आणि बासरला सरस्वतीपुढे अक्षर गिरवायला नेलेले नांदेडचे मूल परमुलखात आलेले नसते. मात्र सरकारी वाहनांनी ती रेषा कसोशीने मानली, आणि विमान हे तर सर्वांत सरकारी वाहन.

१९८१ मध्ये लहान गावांसाठी म्हणून 'वायुदूत' निघाली. एकोणीस आसनांची डॉर्निअर विमाने तिच्याकडे होती. रामगुंडमजवळच्या बसंतनगरला, सिमेंट कारखान्यासाठी बांधलेल्या धावपट्टीवरही तिची विमाने येऊन गेली. तोटा वाढला आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तिच्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

नांदेडची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण आपल्याला शिकायचे ते तेथूनच. गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरुगादीचा त्रिशताब्दी सोहळा २००८ मध्ये झाला. त्या निमित्ताने नांदेडचा विमानतळ मोठा आणि देखणा झाला. किंगफिशरची विमाने काही काळ आली आणि २०१२ मध्ये ती कंपनीच जमिनीवर बसली. मग २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेची पहिली विमाने निघाली, तेव्हा सिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबाद यांच्या बरोबरीने नांदेड-हैदराबाद हा मार्गही होता. साधारण पाचशे किलोमीटरच्या किंवा तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये, आणि या दराने विमानातल्या निम्म्या जागा. कंपनीचा तोटा सरकार तीन वर्षे भरून देणार. ट्रूजेटची सत्तर-बहात्तर आसनी पंखेवाली विमाने धावू लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणे थांबली आणि नांदेडचे आकाश पुन्हा रिकामे झाले. मार्च २०२४ च्या अखेरीस स्टार एअरची विमाने आली. ऑगस्ट २०२५ मध्ये धावपट्टीच्या कारणाने परवानाच स्थगित झाला. सतरा वर्षांत एवढे चढउतार. इमारत, मनोरा, अग्निशमनाची गाडी सगळे जागच्या जागी होते. विमान तेवढे येत-जात होते.

बीदरचेही पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे नागरी विमानतळ सुरू झाला आणि पहिले विमान गेले ते बंगळूरला. बीदरला नानक झिरा साहिब, नांदेडला हुजूर साहिब. दोन्हीकडे दर्शनाला जाणारे शीख यात्रेकरू बारा महिने असतात. दोन विमानतळांमधले सरळ अंतर १४२ किलोमीटर. असे असूनही नांदेडचे विमान हैदराबाद-मुंबईला आणि बीदरचे बंगळूरला. यात्रेकरू मधला प्रवास रस्त्याने करतात. यात कोणाचा कट नाही. हा विमानाच्या हिशेबाचा गुण आहे, आणि तो हिशेब आता आपण मांडून पाहू.

पंखेवाले विमान आकाशात ताशी सुमारे पाचशे किलोमीटर उडते. आदिलाबाद-नांदेड १३८ किलोमीटर, म्हणजे सतरा मिनिटे. पण दार लावून जमिनीवर रांगत जाणे, धावणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करून धावपट्टीच्या रेषेत येणे, पुन्हा रांगत जाऊन थांबणे, याला वीस मिनिटे तरी जास्तीची धरावी लागतात. ही वीस मिनिटे अंतर शंभर किलोमीटर असो की हजार, तेवढीच. म्हणजे सदतीस मिनिटे. आणि त्यांतली निम्म्याहून अधिक प्रवासाची नव्हेत, तर चढण्या-उतरण्याची. विमान पुरते वर पोचते न पोचते तोच खाली यायला लागणार. इंधन जास्तीत जास्त चढतानाच जळते, म्हणून असे आखूड उड्डाण कंपनीला किलोमीटरमागे सर्वांत महाग पडते.

आता उतारूच्या बाजूने. घरातून मैदानापर्यंत वीस मिनिटे, तेथे तासभर आधी पोचणे, उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला वीस मिनिटे, नांदेड गावात शिरायला आणखी वीस. सगळे मिळून दोन तास सदतीस मिनिटे. मोटारीने साडेतीन-चार तास लागतात. तास-सव्वा तास वाचला. परंतु विमान दिवसातून एकच, कदाचित आठवड्यातून तीनच. आपले काम सकाळी दहाला आणि विमान दुपारी दोनला असेल तर वाचलेला तास वाट पाहण्यात चौपट जातो. प्रवासाचा वेळ मोजताना वाट पाहण्याचा वेळ मोजायचा नाही अशी आपल्याला सवय लागली आहे. किनवटच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाला विचारावे, त्याला तो वेळ बरोबर ठाऊक असतो.

नागपूरचेही तसेच. हवेत चाळीस मिनिटे. पण चौपदरी रस्ता दारातून जातो आणि साडेतीन-चार तासांत नागपूर येते. एक अपवाद आम्ही मानतो, तो रुग्णाचा. हृदयविकाराचा झटका आलेला किंवा अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस नागपूरला किंवा हैदराबादला न्यायचा असेल तेव्हा तास-दीड तासाचे मोल निराळे असते. त्यासाठी रोजचे विमान नको, रुग्णवाहिका-विमान रात्रीही उतरू शकेल अशी दिव्यांची धावपट्टी हवी. ही मागणी स्वतंत्रपणे आणि आजच केली पाहिजे.

हैदराबाद? २७० किलोमीटर, म्हणजे हवेत बत्तीस आणि वर वीस, एकूण बावन्न मिनिटे. चहाच्या टपरीवरचे पस्तीसवाले आणि दीड तासवाले दोघेही चुकले. पण शमशाबाद शहराच्या पार दक्षिणेला आणि आपण जाणार उत्तरेकडून. शहराच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन उतरायचे आणि पुन्हा तासभर मोटारीने शहरात परत यायचे. घरापासून कामाच्या जागेपर्यंत साडेतीन तास होतात. रस्त्याने पाच-साडेपाच तास, आणि बस मिळते दिवसभर. दीड-दोन तासांसाठी किती जण नेमाने पैसे मोजतील? जे पुढे दुबईला किंवा अमेरिकेला जाणार आहेत ते मोजतील, आणि त्यांच्यासाठी हैदराबादचे विमान हवेच. राज्याची राजधानी म्हणून ते प्रथम येईल हेही आम्ही जाणतो.

हवेतल्या अंतराला कायद्यातही केवढे महत्त्व असते ते वरंगळने अनुभवले आहे. शमशाबादचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला तेव्हाच्या करारात असे कलम होते, की सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत पंचवीस वर्षे दुसरा विमानतळ करू नये. मामनूर आमच्या हिशेबाने १४५ वर येते. पाच किलोमीटरांनी वरंगळ अनेक वर्षे अडकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची वाट मोकळी झाली. आदिलाबादला ती अडचण कधीच नव्हती. आपली अडचण दुसरीच. आपल्याला नेमके कोठे जायचे आहे हे आपण कधी कोणाला लिहून दिलेले नाही.

म्हणून पुण्याचा हिशेब करून पाहावा. पाचशे किलोमीटर. हवेत साठ आणि वर वीस, ऐंशी मिनिटे. मागचीपुढची सगळी वाटचाल धरून पावणेचार तास. रस्त्याने अख्खी रात्र आणि वर सकाळचा एक तुकडा जातो. येथे आठ तासांहून अधिक वाचतात, आणि गंमत अशी, की उडान योजनेने जी पाचशे किलोमीटरची मर्यादा आरंभी दरासाठी धरली होती, ती आदिलाबाद-पुण्याला नेमकी लागू पडते. मुंबई त्याहून शंभर किलोमीटर पुढे, हवेत सुमारे दीड तास. नंदीग्राम एक्स्प्रेसने एक रात्र आणि वर काही तास. जमिनीवरचे वाहन जेथे रात्र खाते तेथेच लहान विमानाला अर्थ येतो. बेळगाव आणि नाशिक या दोन राजधानी नसलेल्या गावांमध्ये २०२१ मध्ये थेट विमान सुरू झाले, ते चारशे ऐंशी किलोमीटरच्या अंतरावर. मध्ये राज्याची सीमा आहे, दोन्हीकडे मराठी माणूस आहे, आणि मध्ये मुंबई, बंगळूर कोणतेही ठाणे नाही. तेव्हा लहान गाव लहान गावाला जोडले जाऊच शकत नाही असे नव्हे. दीडशे किलोमीटरवर ते जुळत नाही, पाचशेवर जुळते.

हे लिहिण्याचे कारण असे, की धावपट्टी वाढविण्यासाठी मैदानालगतची जमीन लागणार आहे. ती काळी, कपाशीची जमीन आहे. ज्यांची ती जाईल त्यांना विमानात बसण्याचा योग किती येईल, सांगता येत नाही. निदान गेलेल्या जमिनीवरून उडणारे विमान गावाच्या खऱ्या गरजेकडे तरी जावे. नाहीतर नांदेडसारखे तीन वर्षे सरकारी भरपाईवर हैदराबादला जाऊन यायचे आणि चौथ्या वर्षी मनोरा तेवढा उभा राहायचा, असे व्हायला वेळ लागत नाही.

आदिलाबाद-नांदेडसाठी आम्ही विमान मागणार नाही. त्यासाठी सकाळी लवकर निघणारी, किनवट, हिमायतनगर, भोकर घेत कामाच्या वेळेपूर्वी नांदेडला पोचणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एक साधी, वेळेवर धावणारी रेल्वेगाडी पुरे. पुण्यासाठी मात्र मागावे. वर्गात मुलांना विचारले, की तुमचे दादा-ताई कोठे आहेत, तर हैदराबादच्या बरोबरीने पुण्यासाठी हात वर होतात. तेलुगू घरांतली मुलेही त्यांत असतात. सकाळी साडेसहाला आदिलाबादहून सुटलेले विमान आठच्या आत पुण्याला पोचेल आणि संध्याकाळी साडेसहाला निघाले तर आठच्या आत परत येईल. दिवाळीच्या आठवड्यात खासगी बसवाले पुणे-आदिलाबादचे भाडे दुप्पट-तिप्पट करतात तेव्हा मुले आई-वडिलांना फोन करून विचारतात, 'येऊ का पाडव्यानंतर?' त्या भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. विमानकंपनीला मार्ग दाखवताना हाच पुरावा पुढे करावा लागेल.